गणपतराव दोनदा समजावतात

गणपतराव भोइटे साताऱ्याकडून नोकरीसाठी देवासला आले, त्याला बत्तीस वर्षं झाली. गिअरच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. हिंदी फाडफाड बोलतात, पण विचार अजून मराठीतच करतात.

आमच्या कॉलेजातल्या आदिवासी मुलांना इंटर्नशिप मिळवून देणं आणि ती पूर्ण होईपर्यंत त्यांच्या पाठीशी राहणं, हे काम माझ्याकडे असतं. बाकीचे सुपरवायझर अशा मुलांना फायली लावायला बसवतात, गणपतराव थेट मशीनवर उभं करतात. म्हणून धार जिल्ह्यातल्या कुक्षी गावाकडून आलेली रमिला बामनिया मी डोळे झाकून त्यांच्या हवाली केली.

महिन्याने त्यांचा पानभर शेरा आला. मथितार्थ एवढाच, की मुलगी कष्टाळू आहे, पण प्रत्येक गोष्ट दोनदा समजावावी लागते. मला धक्काच बसला. शेवटचा शेराही असाच आला असता तर रमिला नापास झाली असती आणि तिचं अख्खं वर्ष वाया गेलं असतं. मी तडक कारखाना गाठला.

गणपतराव तिला मायक्रोमीटर शिकवत होते. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "समझी, बेटा?"

"हव," रमिला म्हणाली.

गणपतरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती बिचारी मान हलवत ऐकत राहिली.

मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, पुन्हा का सांगितलंत?"

"तीच म्हणाली ना, हवं म्हणून. गुणाची पोर आहे, अवंतीताई. मला बरं वाटावं म्हणून मराठीत बोलते."

मला हसू आवरेना. "अहो, त्यांच्याकडे हव म्हणजे हो."

गणपतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. ते रमिलापाशी गेले. "तूने मुझे टोका क्यों नहीं, बेटा?"

"मुझे लगा, सर, आप सबको दो बार बताते हो."

ते काही अगदीच खोटं नव्हतं. मला तर तीनदा सांगतात.

जूनमध्ये शेवटचा शेरा आला. 'इस छात्रा को नौकरी पर रखना चाहेंगे?' या प्रश्नापुढे अर्धं पान रिकामं होतं. एरवी समासातसुद्धा लिहिणाऱ्या गणपतरावांनी तिथे एकच शब्द लिहिला होता. हव.