वाचून दाखवा

वडवणीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. नववीच्या धड्यात ‘एंडोर्स’ हे क्रियापद आलं, तेव्हा मी फळ्यावर अर्थ लिहिला: पटलं म्हणून सही करणे. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, न वाचता केली तर?”

“मग ती नुसती सही. संमती नव्हे,” मी ठणकावून सांगितलं.

त्याच आठवड्यात कळलं की आमच्या गावचं गायरान सोलरच्या प्लेटांसाठी द्यायला ग्रामसभेनं मंजुरी दिली. ठरावाखालच्या सह्यांत माझ्या सासूबाईंचीही होती. त्यांच्या शेळ्या त्याच गायरानात चरतात. आणि ती सही त्यांना मीच शिकवलेली, ओट्यावर बसून, पाटीवर गिरवून घेऊन.

घरी गेले ती चिडूनच. “आत्या, कशावर सही करताय ते विचारलं का नाही?”

“ग्रामसभेच्या दारातच वही पुढं केली. हजेरी हाय म्हणले.”

“वर लिहिलेलं होतं ना? वाचून दाखवा म्हणायचं!”

त्या शेळीपुढं पाला टाकत होत्या. हात थांबला.

“अंगठा लावायचे तवा म्हणायचेच की. आधी वाचून दाखवा, मग लावते. कुणाची टाप न्हवती नाही म्हणायची. आता सही येती. सही येणाऱ्या बाईनं वाचून दाखवा म्हणलं की लोक हसतेत.”

त्यांनी उरलेला पाला शेळीपुढं टाकला. मग हळू विचारलं, “पोरी, आता परत अंगठा लावला तर चालंल का गं?”