घरात शिरलेली इटालियन बाई

आमच्या घरात एक परकी बाई शिरली आहे असं मला पहिल्यांदा वाटलं, ते एका दुपारी चहाच्या वेळी. नवरा आतल्या खोलीत दार लोटून बसला होता आणि आतून एका बाईचा उंच, कापरा आवाज येत होता. मी चहा घेऊन आत गेले, तसा त्याने टॅब पालथा घातला. साठी उलटलेला माणूस बायकोला बघून टॅब पालथा घालतो, तेव्हा बायकोने काय समजावं?

"सिनेमा," तो एवढंच म्हणाला, तेही घोगऱ्या आवाजात.

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी जरा मोठी दिली, तरी आत काय सडकं लपवलंय ते सोडून बघते. त्यामुळे तो अंघोळीला गेल्यावर मी टॅब उघडला. बघितलेल्या व्हिडिओंची रांगच्या रांग, आणि सगळे एकाच जातीचे. गाजलेल्या इंग्रजी सिनेमांतले तुकडे, आणि प्रत्येकात इटालियन ऑपेरातलं एखादं गाणं. एकात सूटबूटवाला खुनी रेकॉर्ड लावून शांतपणे सफरचंद सोलत होता. दुसऱ्यात नवऱ्याला सोडून आलेली बाई थिएटरात रडत होती आणि शेजारचा परका पुरुष तिला रुमाल देत होता. चार-पाच तुकडे बघून माझी खात्रीच पटली. सिनेमात असलं गाणं सुरू झालं की एक तर कुणीतरी मरतं, नाहीतर कुणाचं तरी कुणाशी तरी जुळतं. आमच्या घरात मरण्याइतकं आजारी कुणी नव्हतं.

आणि हा माणूस जन्मभर नाट्यसंगीतावर पोसलेला. उरणच्या प्लांटमध्ये यंत्रांच्या आवाजावर ओरडून बोलण्यात त्याची सगळी नोकरी सरली, पण सुकापूरच्या घरी आला की चपला काढता काढता पद सुरू. दुसरा कुणी गात असला तरी याला दम धरवत नाही, दुसऱ्या ओळीला हा आपला सूर मिसळणारच. गणपतीत सोसायटीची आरती त्याच्याशिवाय उठत नाही. अशा माणसाला उतारवयात इटालियन बाई आवडायला लागते म्हणजे ती आवड दुसऱ्या कुणीतरी लावलेली असणार.

त्यात त्याचं बोलणंच बंद झालं. विचारलं तर "हं". चहा हवा असला तर शेजारच्या खोलीतून मेसेज. फोन वाजला की कापायचा आणि लिहीत बसायचं. बायकोशी बोलायचं नाही आणि लिहायचं मात्र पुष्कळ, याचा अर्थ लावायला फार हुशारी लागत नाही. संसार हातातून सुटतोय की काय, या भीतीने मला जेवण जाईना.

आमची मासेवाली उरणहून येते. आमच्या दारी येते तशीच पलीकडच्या ओवे गावालाही माल नेते. पापलेट साफ करता करता ती म्हणाली, "ताई, तुमचे सायेब काल ओव्याच्या बाजूला दिसले. एक बाई बोलत व्हती, ह्ये नुसते मान हलवत व्हते. आमी हाक मारली, तरी ओ नाय दिली."

"कशी होती बाई?"

"बरी हाय. तुमच्यापरीस लहान."

मग मी परीक्षाच घ्यायची ठरवलं. संध्याकाळी तो बाल्कनीत बसला असताना स्पीकरवर त्याचं सगळ्यात लाडकं पद लावलं. मनात म्हटलं, मन जागेवर असेल तर दुसऱ्या ओळीला गाईल. नसेल तर कळेलच. पहिली ओळ झाली. दुसरी सुरू झाली आणि त्याने झटकन हात गळ्यावर दाबला, जशी कुणाचा धक्का लागू नये म्हणून दुखरी जागा धरतात. धडपडत उठून त्याने स्पीकरची वायर खेचली.

"गाठ आहे," तो कसाबसा म्हणाला. बाकीचं त्याने मोबाइलवर लिहून दाखवलं. गाठ स्वरयंत्रावर आहे. तपासणीत साधी निघाली आहे. पण आवाज पूर्ण बंद ठेवायचा. तेवढ्याने गाठ उतरली नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतर बोलता येईल, पण गाता येईलच असं नाही. ओव्याची बाई म्हणजे त्याची डॉक्टर. तिनेच त्याच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं होतं की ओळखीचं पद नुसतं ऐकलं तरी याचा गळा आतल्या आत गातो. गाण्याशिवाय तर करमत नाही, म्हणून त्याने न येणारं गाणं शोधलं. ज्याचे शब्द कळत नाहीत, जागा ठाऊक नाहीत, ज्यात सूर मिसळायची सोयच नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

त्याने लिहिलं, "तू दिवसभर विचारलं असतंस, कसं वाटतंय. मला उत्तर द्यावं लागलं असतं."

मला संताप आला, कारण ते खरं होतं. आणि संतापाहून जास्त भीती वाटली. हा माणूस राहील, पण न गाणारा राहील. तसा माणूस मी एक दिवसही बघितलेला नव्हता.

आता आम्ही सिनेमे एकत्र बघतो. खुनी, पळून आलेल्या बायका, सगळे मला पाठ झालेत. तो डोळे मिटून बसतो, मी त्याच्यावर नजर ठेवून. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा आत कॅमेरा घालून बघणार आहेत. काल ती रुमालवाली बाई पुन्हा रडायला लागली, इटालियन गाणं वर चढायला लागलं, आणि मला शंका आली. मी हळूच त्याच्या गळ्यावर बोट ठेवलं. सूर चढला तसा कंठ वर सरकला, उतरला तसा खाली. शब्द कळत नव्हता एकही, पण सगळं गाणं त्याला येत होतं.

मी रिमोट घेतला आणि त्याला न येणारं गाणं शोधायला लागले.