सोळा मिनिटांची बोट

नवऱ्याचं नाव घेऊ नाही म्हणतेत, पण कागदोपत्री लिवलंच आहे तं मी काहून लाजू? डोमाजी. वय बासष्ट. चौतीस वर्षं उकव्याच्या खदानीत पंपावर होते, खालचं पाणी वर फेकाचे. रिटायर झाले तवा मले वाटलं, चला रुख्माबाई, आता माणूस दुपारचा घरी येईल, आपल्यासोबत दोन घास खाईल. कायचं काय! दोन महिने नाही झाले तं बालाघाटच्या बाहेर तलावावर बोट चालवाले लागले. जल्मभर पाणी उपसलं, अन् म्हातारपणी पाण्यावरच जाऊन बसले.

ते बोट म्हणजे खाली दोन लांबच लांब ॲल्युमिनियमचे ड्रम, त्यावर लोखंडी आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर फळ्या, फळ्यांवर तीस खुर्च्या, वर छप्पर अन् मांगं एक इंजिन. कागदात पॉन्टून लिवलं आहे, आमी ड्रमवाली म्हणतो. तलावाच्या मधात टेकडी आहे, तिच्यावर टेकडीवाली माय. घाटावरून मायच्या पायरीपर्यंत नऊ मिनिटं. आमचे हे घरी पण लाइफ जॅकेट घालून बसत. पाहुणे आले का म्हणत, "एका बाजूले झुकू नका." माह्या सोयऱ्यायनं अर्धे इकडं अर्धे तिकडं बसून चहा पेला आहे, खोटं नाही सांगत.

अन् चैत्रातल्या नवरात्रात, नवमीच्या दिवशी बोटीले काय झालं कोणास ठाऊक. नऊ मिनिटाची बोट सोळा मिनिटं घ्याले लागली. इंजिन तेवढंच बोंबलते, धूर तेवढाच सोडते, पण बोट चालते गाभण म्हशीवानी. बोटीच्या समितीचा बाबू आहे वीरेंद्र, त्यानं मोबाइलवर टाइम लावला अन् म्हणाला, "काका, सोमवार को ग्यारह बजे बड़े साहब आ रहे हैं। भरी बोट दस मिनट में पहुँचनी चाहिए, नहीं तो बोट दूसरे डैम पर जाएगी और आप घर।"

घर म्हटल्यावर माह्या मनात लाडू फुटले, का लपवू? पण यायचं तोंड पाहवत नव्हतं. माणूस खांबाले टेकून असा बसला का जसं घरातलं कोणी दवाखान्यात आहे.

पण हार मानणारे नव्हेत. खदानीतला नियम, आधी सोपं पाहाचं, मग कठीण. पंख्यात शेवाळ गुतलं का पाह्यलं, नव्हतं. पेट्रोल बदलवलं, प्लग घासला, जाळी धुतली. ड्रमात पाणी शिरलं का म्हणून लोखंडी पान्यानं ठोकून, कान लावून दोन घंटे ऐकलं. ड्रम कोरडे ठणठणीत. मग एकटेच बोट घेऊन गेले तं बोट नऊ मिनिटांत टेकडीवर! लोक बसवले का सोळा. यायनं तिथंच निकाल लावला, "इंजिन चांगलं आहे. लोक बिघडले."

घ्या! नाचता येईना अन् अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी राइस मिलमधून धान तोलाचा काटा आणला अन् घाटावर मांडला. तिकीट फाडलं का आधी काट्यावर चढाचं. हे भोंग्यातून वजन सांगत. खैरलांजीची पुष्पलताबाई लेकरंबाळं घेऊन आलती, तिचं वजन अख्ख्या तलावानं ऐकलं. "ब्याऐंशी! मधात बसा!" बाई भडकली, "मले धानाचं पोतं समजला का बे बुढ्या?" म्हणून काटाच पाण्यात ढकलला. मिलवाला अजून बोलत नाही आमच्याशी.

पण पोतं म्हटलं अन् यायच्या डोक्यात उजेड पडला. माणसायच्या वजनाएवढी धानाची पोती खुर्च्यांवर बसवली. तीस खुर्च्या, तीस पोती, अन् एक पोतं खुर्चीवरून घसरत होतं तं त्याले सुद्धा म्हणाले, "नीट बसा." बोट सोळा मिनिटांतच पोचली. म्हणजे लोक निर्दोष. मग पोती तशीच ठेवून हे गळ्याएवढ्या पाण्यात उतरले, अन् दोन ड्रमांच्या मधून फळ्यायच्या खाली शिरले.  मग मुंडकं बाहेर आलं.

"अवं," मले म्हणतेत, "खाली दुकान लागलं आहे."

लाल कपड्यात बांधलेले नारळ. एकशे चौदा. लोखंडी पट्ट्यायले लटकलेले, एकेक हात लांब. काखेत कळसा अन् गावाले वळसा, दुसरं काय!

झालं असं का टेकडीवरच्या झाडाले बाया नवसाचे नारळ बांधत. झाड वाळाले लागलं म्हणून पुजारी बाबूलाल महाराजनं नवरात्र लागताच पाटी लावली, इथं बांधू नका. मग बायायनं डोकं चालवलं. झाड तं एका जागी उभं राह्यते, बोट दिवसातून दहा वेळा मायच्या पायाले लागते. मायले कोणतं लवकर ऐकू येईल? घाटावर पाय धुतल्यासारखं वाकाचं अन् पट्टीले गाठ माराची. बोट रिकामी असली का नारळ पाण्याच्या वर. लोक बसले का बोट खाली दबते, अन् एकशे चौदा नारळ वखरासारखे पाणी ओढत चालतेत.

आता खरं सांगतो. त्यातलं एक माह्यं होतं.

वीरेंद्र म्हणाला, "काका, चाकू लाओ, काट दो।" यायनं त्याच्याकडं असं पाह्यलं का पोरगं दोन पायऱ्या मांगं सरकलं. आमच्याकडं नवसाची गाठ ज्यानं बांधली त्यानंच सोडाची, अन् ते पण काम झाल्यावर. दुसऱ्यानं कापली तं नवस बुडाला. हे म्हणाले, "कोणाचं लेकरू, कोणाची नोकरी खाली लटकून आहे. मी कापू?"

म्हणून भोंग्यातून पुकारलं, "ज्यायचे नवस पूर्ण झाले त्यायनं आपापले नारळ घेऊन जावे." आठ दिवसांत कोणाचे होतेत? एकटा प्रेमलाल आला, त्याची हरवलेली म्हैस सापडलती. मग आमचे हे काय करतेत? मायची वाट नाही पाह्यली, सोताच नवस पूर्ण कराले निघाले! मयुरीची शिलाई मशीन जाम होती, दुपारभर बसून ते चालू करून दिली. एक नारळ कमी. गजेंद्रच्या आईनं पोराच्या लग्नासाठी बांधलं होतं, तं यायनं मलाजखंडच्या एका पोरीच्या बापाले फोन लावला. तो विचारते, कोण बोलता? हे म्हणतेत, "बोटीवरून बोलतो. पोरगी सोमवारच्या आधी देता का?"

शेवटी बाबूलाल महाराजले दया आली. त्यानं देवळाजवळ एक जाड दोर ताणला अन् तोड काढली, जिनं बांधलं तिनंच आपल्या हातानं सोडून दोरावर बांधलं तं माय रागावत नाही. रविवारी घाटावर जत्राच भरली. बाया पाण्यात उतरून आपापलं नारळ वळखत होत्या, दोघींचं एका नारळावरून भांडण पण झालं. मी गेली नाही. माहे गुडघे दुखत होते म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी पोती भरून पाह्यलं. बारा मिनिटं. साहेब याले अर्धा घंटा. हे पुन्हा पाण्यात. एक नारळ राह्यलं होतं, पार मांगं, पंख्याच्या तोंडासमोर. ते पाणी फाडाचं अन् पंखा धड पाणी पकडाचाच नाही. अशा जागी कोण बांधते? जिले नवऱ्यापासून लपवाचं आहे ते.

"हे कोणाचं आहे?" यायनं विचारलं.

घाटावर चाळीस माणसं.  मी डबा घेऊन उभी. मले काहीच कराचं नव्हतं हो, फक्त तोंड बंद ठेवाचं होतं. अकरा वाजले असते, साहेब आले असते, बोट गेली असती, हे घरी. माहा नवस आपोआप फळला असता.

वीरेंद्र चाकू घेऊनच आलता. "काका, एक ही तो है।"

हे गळ्याएवढ्या पाण्यात उभे. नारळ दोन्ही हातानं धरलेलं. म्हणाले, "नाही. बोट गेली तं जाऊ दे. जिचं आहे तिची काही तरी मोठी अडचण असंल."

माय वं! माह्या डोळ्यात टचकन पाणी आलं. "माह्यं आहे," मी म्हटली.

"तुयं? काय मांगितलं होतं?"

"बोट बंद पडू दे म्हटलं मायले. अन् तुमाले दुपारी माह्यासंग जेवाले घरी येऊ दे."

लोक खो खो हसले. हे नाही हसले. पाण्याबाहेर आले, निथळत निथळत पायरीवर बसले अन् म्हणाले, "मग फेडा लागंल. वाढ."

तेवढ्यात साहेबाची जीप आली. वीरेंद्र हात जोडून राह्यला, "काका, साहब!" हे म्हणाले, "पाच मिनिटं. बोटीचं काम चालू आहे." साहेब घड्याळ पाहात उभे, अन् आमचे हे भाकर मोडून राह्यले. पण काय केलं असंल? माह्याकडं पाठ करून बसले अन् भराभर गिळाले लागले. बाबूलाल महाराज वरडला, "डोमाजी, हे सोबत जेवणं होते का?" हे वळले. म्हणाले, "खदानीत भोंगा व्हाच्या आत जेवा लागे, भिताडाकडं तोंड करून. मले दुसरं येतच नाही वं."

अन् मी दोन वर्षं समजून बसलती का यायले माह्यं तोंड पाहाचा कंटाळा आहे.

मी पाण्यात उतरली अन् गाठ सोडली. बोट साडेनऊ मिनिटांत पोचली, साहेबानं सही केली.

आता दीडची फेरी बंद आहे. हे दुपारी घरी येतेत, ताट घेतेत, दोन घास माह्याकडं तोंड करून खातेत अन् तिसऱ्याले आपोआप भिताडाकडं वळतेत. मग मीच माह्यं ताट उचलतो अन् भिताडाजवळ जाऊन बसतो.