काचेवर मारायचं पाणी

आमची गाडी मूळची माझ्या थोरल्या दिरांची. त्यांनी नवी घेतली तेव्हा जुनी आम्हाला दिली, आणि देताना फक्त एवढंच म्हणाले की वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करत जा. आमचे हे संगमनेरच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. पहिल्या सर्व्हिसिंगची चौकशी करून आले त्या दिवशी त्यांनी खर्चाचा अंदाज लिहिलेला कागद ताटाशेजारी ठेवला आणि वरण कालवता कालवता एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

"काच धुवायचं लिक्विड. डॅशबोर्ड पॉलिश. वायपरची जोडी. एअर फिल्टर साफ करण्याची मजुरी. अगं, हे लोक साबणाचं पाणी विकतायत."

"मग साबणाचं पाणी आपण घालू," मी सहज म्हणाले. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरातली दोन पातेली गायब झाली. मागच्या अंगणात एकात रिठे भिजत होते, दुसऱ्यात लिंबाच्या साली. डॅशबोर्डाला ह्यांनी खोबरेल तेल चोळलं. तो चमकला खरा, पण संध्याकाळपर्यंत त्यावर रस्त्याची सगळी धूळ येऊन बसली आणि गाडीला न्हाऊन निघालेल्या बाळासारखा वास यायला लागला. एअर फिल्टर सायकलच्या पंपानं हवा मारून झटकला. वायपरची जोडीही विकत घ्यायची नाही असं ठरलं होतं, म्हणून रबराच्या जागी जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली. ते वायपर चालले की अशी किंचाळी फुटायची की आमच्या गल्लीतली कुत्री उठून बघायची.

सासूबाई हे सगळं पायरीवर बसून कौतुकानं पाहायच्या. "लहानपणी रेडिओ खोलायचा," त्या मला सांगायच्या. रेडिओ परत जुळला का, हे मी कधी विचारलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला. लोणी रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की काचेवर धूळ, पाचटाचा भुसा आणि चिकट किडे यांचा एक थर बसतो. तो नुसत्या रिठ्यानं निघेना. ह्यांनी कुठंतरी वाचलं की व्हिनेगर घातलं की काच आरशासारखी होते. व्हिनेगर दुकानात मिळतं, हे मी सांगितलं. त्यावर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कांदे परदेशातून मागवायला सांगत होते.

"व्हिनेगर म्हणजे काय? उसाचा रस आंबवून ठेवायचा. आपण राहतो कुठं? उसाच्या पट्ट्यात."

कोपऱ्यावरचा रसवंतीवाला ह्यांचा जुना विद्यार्थी. तो रात्री उरलेला रस फुकट देऊ लागला. अंगणात प्लॅस्टिकचा मोठा कॅन आला, त्याच्या तोंडाला माझं फडकं बांधलं गेलं. आधी बुडबुडे आले, मग वास. शेजारच्या काकू निवृत्त नर्स. रविवारी चर्चला जाता जाता त्या कुंपणाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? काही लागलं तर सांग हं." मी सांगितलं की सर गाडीची काच धुवायचं औषध करतायत. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

त्याच सुमाराला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा ठरला, नगरला. हे मामा. मामाशिवाय कार्यक्रम सुरू होणार नव्हता. आदल्या दिवशी ह्यांनी कॅनचं फडकं सोडून वास घेतला आणि जरा विचारात पडले.

"अजून आठवडाभर हवं होतं. पण चालेल," म्हणाले, आणि त्यात रिठ्याचं पाणी मिसळलं. थोडं गाडीच्या काच धुवायच्या टाकीत गेलं, उरलेलं कॅनमध्येच राहिलं. रस्त्यात लागेल म्हणून तो कॅन झाकण घट्ट लावून डिकीत ठेवला. त्याच्या शेजारी भाचीच्या साडीचा बॉक्स आणि फळांच्या टोपल्या.

सकाळी निघालो. मागे सासूबाई, मांडीवर ओटीचं सामान. लोणी गेलं, कोल्हार गेलं, ऊन चढलं. राहुरीच्या अलीकडे कुठंतरी मागून मोठ्यानं फट्ट असा आवाज झाला.

"टायर गेलं," सासूबाई म्हणाल्या.

टायर गेलं नव्हतं. उन्हानं आत फसफसलेल्या रसानं कॅनचं झाकण उडवलं होतं. पाचेक मिनिटांत गाडीत असा वास भरला की मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. आंबूस, गोडसर, डोक्यात जाणारा. हे म्हणाले, "थांबून बघतो." आणि थांबायला जागा दिसली ती नेमकी नाकाबंदीची. निवडणुकीचे दिवस होते. रस्त्यात बॅरिकेड, बाजूला लिंबाखाली खुर्ची टाकून एक फौजदार, आणि गाड्या तपासणारे एक वयस्कर हवालदार.

हवालदारांनी खिडकीतून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"साहेब, डिकी उघडा."

डिकी उघडली. कॅनच्या तोंडातून पांढरा फेस हळूहळू खाली येत होता.

"काय हाय ह्यात?"

"काचेवर मारायचं पाणी," हे म्हणाले.

"वास तर येगळाच येतोय."

"तो किण्वनाचा वास आहे."

"कशाचा?"

इथं खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण समोरच्यानं प्रश्न विचारला की ह्यांच्यातला मास्तर जागा होतो. "असं बघा," हे म्हणाले, "उसाचा रस आंबवला की आधी त्याचं अल्कोहोल होतं, आणि मग हवेच्या संपर्कानं..."

मी ह्यांचा शर्ट मागून ओढला. उशीर झाला होता.

"म्हंजे आंबवलाय," हवालदार म्हणाले.

"हो."

"उसाचा रस."

"हो."

"आन तुमी म्हनता ही दारू न्हाई."

"पूर्ण रूपांतर झाल्यावर नाही. आत्ता ते मधल्या अवस्थेत आहे."

हवालदारांनी फौजदारांना हाक मारली. फौजदार तरुण होते, दमलेले दिसत होते. त्यांनी सगळं ऐकलं, कॅनमध्ये डोकावले आणि शांतपणे म्हणाले, "सर, कागदावर मी काय लिहू ते सांगा."

सासूबाई एव्हाना खाली उतरल्या होत्या. "माझा मुलगा प्राध्यापक आहे," त्यांनी सांगितलं. "सुपारीसुद्धा खात नाही." फौजदारांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या, पण ओटीचं सामान काही मांडीवरून खाली ठेवेनात.

ह्यांचा चेहरा लाल झाला होता. अपमान झाला की ह्यांना प्रयोग करून दाखवायची हुक्की येते. "मी पिऊन दाखवतो," हे म्हणाले. "म्हणजे खात्री होईल."

"नको, सर," फौजदार म्हणाले.

"अहो, कशाला," मी म्हणाले.

"अरे, सकाळपासून उपाशी आहेस," सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी खाऊन तरी पी." आणि पिशवीतून स्टीलचा पेला काढून दिला.

ह्यांनी पेला अर्धा भरला आणि एका दमात घेतला. त्यात रिठे आहेत हे ह्यांच्या तेव्हा लक्षात राहिलं नसावं. आधी डोळे मिटले. मग भुवया वर गेल्या, मान डावीकडे वळली, ओठ बाहेर आले आणि सगळा चेहरा मध्यभागी गोळा झाला. ह्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात एक छोटा बुडबुडा आला, मोठा झाला आणि फुटला.

फौजदारांनी ह्यांना नीट न्याहाळलं.

"ही दारू नाही," ते शेवटी म्हणाले. "दारू पिऊन असं तोंड कुणी करत नाही."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. पण हवालदार डोकं खाजवत उभे होते. "साहेब, ती दारू न्हाई ह्ये खरं. पन आता ह्यांच्या तोंडाला वास येनार. फुडच्या नाक्यावर पुन्ना धरतील."

दारू प्यायलेल्यांचा श्वास तपासायचं यंत्र आणलं गेलं, ह्यांनी त्यात फुंकलं, आणि ते वाजलं. फौजदार बराच वेळ यंत्राकडे आणि ह्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मास्तर दारू प्यायलेले नाहीत," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण प्यायलेले आहेत. गाडी त्यांनी चालवायची नाही." मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमच्याकडे लायसन आहे का?"

होतं. मी मागेच क्लास लावून शिकले होते. पण त्यानंतर गाडी चालवली ती फक्त आमच्या गल्लीपासून भाजी मंडईपर्यंत, तीही दुपारी, रस्ता रिकामा असताना. दर वेळी शेजारी बसून हे इतक्या सूचना द्यायचे की मीच एक दिवस चावी परत दिली होती.

"आहे," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

हवालदारांनी कॅन बाभळीच्या बुंध्याशी रिकामा केला. फेस दूरवर पसरला. एक शेळी आली, हुंगून गेली. मी सीट पुढे ओढली, आरसा वळवला आणि गाडी सुरू केली. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा हवालदारांनी बॅरिकेड बाजूला ओढून हातानं, या या, असं केलं, आणि मी रस्त्यावर आले.

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागून एसटीचा हॉर्न. हे शेजारी बसले होते. "क्लच..." म्हणून ह्यांनी तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी ढेकर आली आणि पाठोपाठ बुडबुडा. ह्यांनी तोंड मिटलं. थोड्या वेळानं "इंडिकेटर..." म्हणायला गेले, पुन्हा तेच. मग हे गप्पच बसले. आमच्या संसारात ह्यांनी एकही सूचना न दिलेला हा पहिला प्रवास. आणि मजा म्हणजे ह्यांनी सांगितलं नाही, तरी माझे हातपाय आपोआप बरोबर चालत होते.

सासूबाई मात्र मागून बोलत होत्या. "ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर गेला. आता टेम्पो आला." मला त्याचा खरं तर आधार वाटला.

राहुरी ओलांडल्यावर एका ट्रॉलीतून भुसा उडाला आणि काच भरली. नकळत माझं बोट स्टिअरिंगजवळच्या, काचेवर पाणी मारायच्या काडीवर गेलं. हे हात हलवून नको नको करत होते, पण टाकीतलं औषध काचेवर उडालं आणि वायपर किंचाळत सुरू झाले. रिठ्याचा फेस झाला. जितके वायपर फिरतील तितका तो वाढला, इतका की समोर रस्त्याऐवजी नुसता पांढरा पडदा.

मी खिडकीतून बाहेर बघत गाडी कडेला घेतली, थांबवली आणि मग मात्र मला हसू फुटलं. आवरेचना. सासूबाईंनी आधी विचारलं, काय झालं, आणि मग त्याही हसायला लागल्या. हे थोडा वेळ गंभीर राहिले. मग हसले, आणि त्याबरोबर दोन बुडबुडे बाहेर आले. प्यायच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या ओतून आम्ही काच धुतली. पुसायला काही नव्हतं, तेव्हा सासूबाईंनी स्वतःची शाल दिली.

नगरला सावेडीत नणंदेकडे पोचलो तेव्हा सगळे मामाची वाट बघत दारात उभे होते. मी गाडीतून उजव्या बाजूनं उतरले हे नणंदेनं पाहिलं आणि चालवणारं अजून कुणी आत आहे का, ते तिनं वाकून पाहिलं. हे आत गेले, पाटावर बसले. मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या काकांना शेजारी बसल्या बसल्या वास आला असावा. त्यांनी सासूबाईंकडे वाकून अगदी सभ्यपणे विचारलं, "मामांना थोडी सवय आहे का?"

"छे हो," सासूबाई म्हणाल्या. "तो साबण प्यायलाय."

साखरपुडा छान झाला. हे जेवले नाहीत, नुसता ताकभात घेतला.

येतानाही मीच चालवली. ह्यांचा वास गेला होता, ह्यांनी चावीसाठी हातही पुढे केला, पण सासूबाई म्हणाल्या, "तिलाच चालवू दे. तिच्याबरोबर मला गाड्या मोजता येतात."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मिळून पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराला मी सरळ विचारलं, स्वस्तात काय पडेल. पूर्ण वायपर बदलायची गरज नसते, नुसतं रबर मिळतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. काचेचं लिक्विड दाट मिळतं, घरच्या पाण्यात बुचभर घातलं की महिनाभर पुरतं. हे बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत राहिले आणि म्हणाले, "हे मी घरीसुद्धा..."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बाटली पिशवीत ठेवली.

आता सर्व्हिसिंगला गाडी मीच घेऊन जाते. नगरच्या लग्नाच्या खरेदीला म्हणून माझ्या तीन चकरा झाल्या, शिंगणापूरला मैत्रिणींना घेऊन गेले, आणि परवा शेजारच्या काकूंना दवाखान्यात सोडून आले. हे शेजारी बसतात तेव्हा अजून सूचना देतात. लोणीपर्यंत देतात, मग झोपतात.