मावशी, जावई आणि टायगर

लेक वारल्यापासून डॅफ्नी मावशीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पलीकडच्या आमच्या वस्तीच्या दवाखान्यात मनाचं दुखणं ऐकून घेणारा समुपदेशक एकच, आणि तो तिचाच जावई, कॉलिन. आमच्या आदिवासींत सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचंही नाही.

अशात शहरातून आरोग्य खात्याच्या मॅडम पाहणीला आल्या. "मावशी, हा दवाखाना तुमच्या रीतीला धरून चालतो का, ते तुम्हीच ठरवायचं!"

त्यासाठी खुर्च्या गोल मांडल्या होत्या, म्हणजे सगळे समोरासमोर. मावशी भिंतीकडे तोंड करून बसली. कॉलिनने टेबलावरचं कापड डोक्यावरून ओढून घेतलं.

मावशी आपल्या कुत्र्याला म्हणाली, "टायगर, त्याला सांग, तू गुणाचा आहेस रे, पण तुझ्यापुढे मी रडू कशी?"

कापडाखालून आवाज आला, "टायगर, त्यांना सांग, बाई समुपदेशक पाठवा म्हणून मी वर्षभर ओरडतोय."

मॅडमनी गंभीरपणे टायगरकडे बघितलं. "आणि यांचं स्वतःचं मत?"

"त्याचंही तेच!" सासू-जावई एकदम ओरडले.

तीन मतं पडल्यावर बाई समुपदेशक आल्या. आता मावशी रविवारी उपासनेत घोरते. पाद्रीबाबा चिडतात, मी मात्र देवाचे आभार मानते.