सासऱ्यांच्या गाडीचा ताप

“इंजिन खोटं बोलत नाही, मालक बोलतो.” आमचा मिस्त्री हे वाक्य बॉनेट उघडताना म्हणायचा आणि लावतानाही म्हणायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून घ्यायचे. त्यावरून लोक त्याला डॉक्टर म्हणू लागले. चेष्टेतलं ते नाव त्यानं पदवीसारखं मिरवलं आणि पितळी अक्षरांच्या दोन पाट्या करून घेतल्या: ‘डॉक्टर गॅरेज’.

एक पाटी दारावर लागली. दुसरी, चांगली ऐसपैस, सासऱ्यांच्या जुन्या गाडीच्या तोंडावर, जाळीला आकड्यांनी अडकवलेली. सासऱ्यांनी हरकत घेतली नाही. जावई फुकटात गाडी बघतो म्हटल्यावर माणूस कपाळावरही पाटी लावून घेईल.

त्याच उन्हाळ्यात गाडी तापू लागली. सपाटीवर काटा कसाबसा गुमान राही, पण टेकडीचा चढ लागला की लाल रेषेला भिडे आणि बॉनेटखालून वाफ निघे.

डॉक्टरनं कान लावला आणि थर्मोस्टॅट बदलला. मग पाण्याचा पंप. मग रेडिएटर खळखळून धुतला, मग हेड गॅस्केटही नवं घातलं. दर वेळी पहिलं काम पाटी उतरवण्याचं. तिला तेलाचा हात लागू नये म्हणून ती मऊ फडक्यात गुंडाळून, तान्ह्या लेकरासारखी फळीवर निजवायची. मग इंजिन कितीही वेळ चालवा, गाडी गारच. काम संपलं की पाटी जागेवर आणि सासरे पुन्हा चढावर वाफेत.

शेवटी डॉक्टरनं रोग सासऱ्यांतच शोधला. मामा गिअर उशिरा बदलतात, म्हणाला. तापट माणसाच्या हाताखाली इंजिनही तापट होतं. सासरे मितभाषी. त्यांनी एवढंच कळवलं, की आता जावयानं स्वतः चढ चढवून दाखवावा, नाहीतर गाडी फाट्यावरच्या नव्या गॅरेजात जाईल. डॉक्टरचं जेवणावरचं लक्ष उडालं. घरचीच गाडी परक्याच्या दारात दिसली, तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

ठरल्या सकाळी डॉक्टर चालवायला, सासरे शेजारी, बायको मागं. गिअर अगदी वेळेवर पडले. निम्म्या चढावर वाफही वेळेवर आली.

डॉक्टर खाली उतरून इंजिनाला कान लावून बसला. बायको गाडीसमोर जरा वेळ उभी राहिली.

“अहो, गॅरेजात ही पाटी काढूनच ठेवता ना?”

“मग? डाग पडतील तिला.”

“आणि रस्त्यावर आत वारा कुठून जातो?”

डॉक्टरच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं आणि तिथंच थिजलं.

“इंजिन खरंच बोलत होतं, जावईबापू,” सासरे टेकडीकडे बघत म्हणाले.

इंजिन निवल्यावर पाणी भरलं, पाटी उतरवली. गाडी माथ्यावर पोचली, काटा मध्यावरून हलला नाही. गाडी तुमच्याकडेच राहील, सासऱ्यांनी सांगितलं. पाटी तेवढी नको.

परतताना डॉक्टर गाडीत बसला नाही. पाटी बगलेत मारून, अक्षरं अंगाकडे वळवून, तो पायीच उतरू लागला. बापलेक माथ्यावरून बघत राहिले. वळणावर समोरून एक ट्रक आला, तेव्हा त्यानं अक्षरं हळूच बाहेर फिरवलेली दोघांनाही दिसली.