धाकटीच्या ताटातलं नाव

हेवा करण्यात माझा हात धरणारं आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं, हे आज पन्नाशीला टेकताना मी अभिमानानं सांगते. कुणाच्या नथीचा, कुणाच्या केसांचा, कुणाच्या माहेरच्या आंब्याच्या झाडाचा. एका बाईचा तर ती सुरेख शिंकते म्हणून मी हेवा केला आहे. पण हे सगळे किरकोळ. खरा, कसदार, पोटात गोळा उठवणारा हेवा मी आयुष्यात एकदाच केला, आणि तो एका नावाचा.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. माझं माहेर कोरेगावकडचं, सासर इस्लामपूरजवळ. तेव्हा दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातच मोडत, पण नव्या नवरीला पोटभर रडायला पुरेल एवढं अंतर मधे होतं. सासरचे दोघे भाऊ पलटणीत. दोघांना एकदम रजा मिळाली, पुन्हा मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून एकाच मांडवात दोन्ही लग्नं उरकली. थोरल्याची मी, धाकट्याची ती. तिचं माहेर कुंडलकडचं. मुंडावळ्यांच्या आडून मला तिचं नाक दिसलं. माझ्यापेक्षा सरळ होतं. पण सांगितलं ना, किरकोळ गोष्टींत मी शिरणार नाही.

आमच्यात सून आली की तिचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, साखर वाटायची, की संपलं. जुन्या नावानं पुन्हा कुणी हाक मारत नाही. आमची नावं काढायला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, साताऱ्याहून आपल्या ओळखीचे एक मास्तर बोलावले होते. मास्तरांनी उपरणं सावरलं, घसा खाकरला आणि पुढच्या सोप्यात बसलेल्या साऱ्या माणसांवरून नजर फिरवली.

"पहिलं नाव रोहिणी," ते म्हणाले. "दक्षाची लेक, चंद्राची लाडकी राणी. आभाळात कृत्तिकांच्या मागोमाग तांबूस तारा येतो, तो हिचा. तांबड्या गाईला शास्त्रात रोहिणी म्हणतात. रानात रोहिणीचं झाड असतं, त्याच्या सालीनं ताप उतरतो. नाव एक, पण देवीचं, ताऱ्याचं, गाईचं आणि झाडाचं!"

मग त्यांनी गोष्टही सांगितली. चंद्राला सत्तावीस बायका, पण मुक्काम सदा रोहिणीकडे. उरलेल्या सव्वीस जणी बापाकडे गाऱ्हाणं घेऊन गेल्या, बापानं जावयाला शाप दिला, आणि तेव्हापासून चंद्र झिजतो. दुसरं नाव मास्तरांनी नुसतं वाचलं. त्याला ना देवी, ना तारा, ना गोष्ट.

मान थोरल्याचा, म्हणजे पहिलं नाव माझं. मी मनातल्या मनात चंद्राशेजारी जाऊन बसलेसुद्धा. आमच्या ह्यांनी अंगठी हातात घेतली. तेवढ्यात त्यांनी धाकट्या भावाकडं पाहिलं. तो रोहिणीच्या गोष्टीत रंगून तोंड उघडं ठेवून बसला होता.

"तुला आवडलं व्हय रं?"

"लय झ्याक हाय. पर दादा, तू थोरला."

"घे की मग! नावाचं काय एवढं? मला कुठलंबी चालतंय."

भाकरीतला मोठा तुकडा भावाला द्यावा तसं माझं नाव त्यांनी देऊन टाकलं. साऱ्या सोप्यानं माना डोलावल्या. काय भावाभावांची माया! सासूबाईंनी तर डोळे पुसले. मीही पुसले, निराळ्या कारणानं.

माझ्या ताटात जे नाव आलं ते मी इथं सांगणार नाही. विहिरीवर कुणी त्या नावानं हाक मारली तर सात बायका घागरी सोडून वळत, एवढं सांगते.

पंधरा दिवसांत दोघे भाऊ पलटणीत परत गेले. घरात मामंजी, सासूबाई, मी आणि ती रोहिणी उरलो. त्या दिवसापासून मी चंद्राच्या त्या सव्वीस जणींच्या बाजूची झाले. लोकांना त्या भांडकुदळ वाटतात. मला एकेकीच्या मनातलं कळत होतं.

नाव एकाच ठिकाणी असतं तर सोसलं असतं. ते जाईन तिथं आधीच येऊन बसलेलं! मृगाच्या आधी रोहिणी नक्षत्र लागलं, तसे मामंजी अंगणातून ओरडले, "रोहिणी आली! भाताच्या पेरणीची तयारी करा." शेजारणी हसून धाकटीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तू आल्याबिगार पेरणी न्हाई गं!" ती लाजायची. लाजताना चांगली दिसायची, हे आणखी एक.

भादव्यात मला हिवतापानं गाठलं. लढाईपायी त्यावरचं औषध, कोयनेल, मिळत नव्हतं. वैद्यांनी नाडी धरली आणि म्हणाले, "रोहिणीची साल उकळून द्या." कडू म्हणजे किती कडू! जीभ दोन दिवस माझी राहिली नाही. काढ्याची वाटी घेऊन समोर कोण? तीच. रोहिणीच्या हातून रोहिणी मी सात दिवस प्याले आणि बरी झाले. ती हसून म्हणाली, "आक्का, उतरला बघा ताप." मी भिंतीकडं तोंड केलं. बरं होण्याचीसुद्धा चोरी!

दिवाळीच्या सुमारास आमच्या तांबड्या गाईला कालवड झाली. आईसारखीच तांबडी. गोठ्यात उभी असताना माझ्या डोक्यात असा काही उजेड पडला म्हणता! मी साळसूदपणे सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, मास्तरांनी सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं? तांबड्या गाईला शास्त्रात रोहिणी म्हणत्यात. कालवडीचं तेच नाव ठेवू या की. आयतं शास्त्रातलं नाव."

माझा डाव असा, की आता रोज सकाळी गोठ्यात हाका ऐकू येतील: "रोहिणे, सरक मागं!" "रोहिणे, किती खाशील!" मग बघू कोण चंद्राशेजारी बसतं ते. मामंजींनी ऐकलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"ठेवा," ते म्हणाले. "पर एक हाय. घरच्या सुनंच्या नावाचं जनावर हाय. तिला काठी लावायची न्हाई. शिवी द्यायची न्हाई. आन उद्या त्या नावाचं जनावर मी बाजारात उभं करू? लोक शेण घालतील तोंडात. तवा कालवड धाकटीची. तिचं दूध, तिची वासरं, समदं धाकटीचं."

"आन थोरलीची माया तरी बघा," सासूबाई गहिवरून म्हणाल्या. "जावंच्या नावाचं सुचलं ते तिलाच. कालवडीचं समदं थोरलीच बघंल, तिचा जीव हाय."

असा मी माझ्या हातानं जावेला गाईचा गोठा मिळवून दिला आणि त्यातलं शेण काढण्याचं काम माझ्याकडं घेतलं.

पुढचा महिनाभर मी धाकटीशी कामापुरतं बोलले. एक दिवस दोघी उसाच्या रानात भाकरी पोचवून परत निघालो होतो. बांधावर ती थबकली आणि म्हणाली, "आक्का, कालवडीला आज जरा भरड्याची चंदी घालाल का?"

झालं. टोपलं खाली आपटून मी कमरेवर हात ठेवले.

"देवी तुझी. तारा तुझा. पेरणी तुझी, औषध तुझं, आता गायबी तुझी! माझ्या वाट्याला काय आलं गं? सांग की, काय आलं?"

ती हळूच म्हणाली, "माझं नाव."

"म्हंजे?"

"तुमच्या ताटात लिवलं ते माझं माहेरचं नाव हाय, आक्का. आईनं ठेवलेलं. आई गेली मागल्या सालीच. आता त्या नावानं मला हाक मारणारं कुणी उरलं न्हाई. आन आत्याबाई रोज दहांदा तेच नाव घेत्यात. तुमाला." तिनं पदराचं टोक दातांत धरलं. "हाक आली की पाय उचलतो माझा. मग ध्यानात येतं. लय जळते मी तुमच्यावर. खरं सांगते. लय."

मी खाली बसले. मला तिची कीव यायला हवी होती, आणि आली. पण आधी दुसरंच काहीतरी आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्यावर कुणीतरी जळत होतं! सरळ नाकाची, चंद्राची राणी, कालवडीची मालकीण, ती माझ्यावर जळत होती! इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

"आगं, मग आधी का न्हाई बोललीस?"

"तुमी बोलत हुता व्हय माझ्याशी?"

आम्ही दोघी उसाच्या आडोशाला बसून हसलो, मग ती थोडी रडली, मग मीही सोबतीला. नावं काही परत करता येत नव्हती. तांदळात लिहिलेलं आणि साखर वाटलेली. पण रानात कोण ऐकतंय? मी म्हणाले, "हितं बांधावर तरी अदलाबदल करू. मला रोहिणी म्हण, मी तुला तुझ्या नावानं हाक मारते."

ती वीस पावलं पुढं गेली, वळली आणि तिनं हाक मारली, "रोहिणी!"

मी टोपल्यातलं फडकं झटकत होते.

"रोहिणी! आगं ए रोहिणी!... आवं आक्का, तुमालाच!"

दचकून मी "आं?" केलं. ती पोट धरून हसत होती. मग माझी पाळी आली. मी ते साधं, विहिरीवर सात जणींचं असलेलं नाव घेतलं. शेवटचं अक्षर अजून माझ्या तोंडात होतं तोवर तिकडून "ओ!" आलं. शेतातून धावत घरी निघालेली पोर आईला ओ देते तसं आलं. तिचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता.

तोच जुना गोळा पुन्हा उठला, आता त्या साध्या नावापायी. मी टोपलं डोक्यावर चढवलं आणि तिला मागं टाकून झपाझप घराकडं चालू लागले.